तुलना करायला बसण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम जयभीम.

तुझा संशोधन-आराखडा मिळाला. ‘दलित साहित्य आणि कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य : तुलनात्मक अभ्यास’ हे शीर्षक वाचून आनंद झाला, आणि थोडी काळजीही वाटली. या विषयावरच्या पुष्कळ प्रबंधांचा साचा ठरून गेला आहे. पहिल्या प्रकरणात तिकडची गुलामगिरी, दुसऱ्यात इकडची अस्पृश्यता, मग दोन आत्मकथनं शेजारी ठेवून साम्यं आणि भेद, आणि शेवटी दोन्हीकडे माणूसपणाचा शोध आहे हा निष्कर्ष. निष्कर्ष खरा आहे. पण तो आपल्याला सुरुवातीलाच माहीत असतो, आणि जे आधीच माहीत आहे त्यासाठी तू तुझ्या उमेदीची वर्षं घालवू नयेस असं मला मनापासून वाटतं.

ही तुलना तू पहिल्यांदा करत नाहीयेस. महाराष्ट्रात ती दीडशे वर्षं चालू आहे आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ती काही एका कामासाठी केली आहे. ती कुणी केली, केव्हा केली, समोर कोण होतं, हे विचारलंस तर तुझा विषय एकदम जिवंत होईल.

जोतीरावांपासून सुरू कर. ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघाली. तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे. त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जो निःस्वार्थीपणा दाखवला त्याचा गौरव म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवताना तो कित्ता गिरवावा या इच्छेने, असा तिचा आशय आहे. आता तारखा शेजारी ठेव. अमेरिकेत गुलामगिरी बंद करणारी घटनादुरुस्ती १८६५ ची. म्हणजे जोतीराव लिहीत होते तेव्हा ही दुरुस्ती जेमतेम आठ वर्षांची होती. दक्षिणेतली मुक्तीनंतरची पुनर्रचना १८७७ मध्ये गुंडाळली गेली, मग वेगळ्या डब्यांचे, वेगळ्या शाळांचे कायदे आले, झाडाला टांगून मारणं सर्रास झालं. हे सगळं जोतीरावांच्या पुस्तकानंतरचं. आणखी एक गोष्ट बघ. अर्पणपत्रिकेत गौरव आहे तो मुक्त करणाऱ्यांचा. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले, लिहिणारे, भाषणं करणारे कृष्णवर्णीय तिथे दिसत नाहीत. याचा दोष जोतीरावांना देऊ नकोस. त्यांना पुण्यातल्या सवर्णांना आणि इंग्रज सरकारला सांगायचं होतं की दुसऱ्या देशातल्या वरच्या लोकांनी हे केलं, तुम्ही का करत नाही? त्या प्रश्नासाठी त्यांना तीच अमेरिका हवी होती.

मग थेट १९४६ वर ये. बाबासाहेब कृष्णवर्णीयांचे अमेरिकन विचारवंत आणि नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहितात. अमेरिकेतल्या निग्रो काँग्रेस या कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याची बातमी त्यांनी वाचली आहे, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का, असं ते विचारतात. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास करणं आम्हाला स्वाभाविकच नाही तर आवश्यक आहे, असं त्यात येतं. तुझ्या आराखड्यात तू एवढंच वाक्य उद्धृत केलं आहेस, आणि तेही दुसऱ्याच्या पुस्तकातून. आख्खं पत्र वाच. डू बॉइस यांची कागदपत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टच्या ग्रंथालयात आहेत आणि घरबसल्या बघता येतात. पत्र छोटं आहे, त्याचा सूर कामाचा आहे. अस्पृश्यही असाच अर्ज करण्याच्या विचारात आहेत, हे त्यात स्पष्ट आहे. सत्तांतर दाराशी आलं आहे, आपल्या लोकांचं काय होणार यासाठी जीव टांगणीला लागला आहे, आणि हा माणूस जगाच्या व्यासपीठावरचा एक रस्ता तपासतो आहे. डू बॉइस यांनी उत्तरही दिलं. तुमचं नाव आणि काम मी ऐकून आहे, भारतातल्या अस्पृश्यांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, असं त्यांनी कळवलं.

इथे गौरवाची जागा कामाने घेतली. मुक्त करणाऱ्यांशी नाही, लढणाऱ्यांशी बोलणं सुरू झालं. शिवाय बाबासाहेब कोलंबियात १९१३ ते १९१६ शिकले होते, अमेरिकेचं पुढे काय झालं ते त्यांना ठाऊक होतं. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ तरी असतो, अस्पृश्याची जबाबदारी कुणावरच नाही, असंही त्यांनी लिहून ठेवलं आहे. म्हणजे सारखेपणा सांगणारा माणूसच फरकही सांगतो. दोन्ही विधानं शेजारी ठेवून विचार करायला शीक. एक पत्रात आहे आणि दुसरं युक्तिवादात, हे विसरू नकोस.

तिसरी वेळ १९७२ ची. मुंबईतली पोरं संघटना काढतात आणि नाव घेतात दलित पँथर, सहा वर्षांपूर्वी अमेरिकेत ओकलंडमध्ये निघालेल्या, कृष्णवर्णीय तरुणांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. आता संयुक्त राष्ट्रं नकोत, सदाचारी लोक तर नकोतच. अमेरिकेतून हवी आहे ती चिडलेली तरुणाई. १९७३ च्या जाहीरनाम्यात ‘दलित’ कोण याची व्याख्या अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया इथपर्यंत पसरते. पुढे संघटना फुटली तेव्हा वाद नेमका याच्यावर होता, मार्क्सकडे किती जायचं आणि बुद्धाकडे किती. म्हणजे अमेरिकेकडे बोट दाखवताना सगळ्यांच्या मनात एकच अमेरिका नव्हती.

मला विचारशील तर प्रबंधाचा कणा इथे आहे. दोन साहित्यांची साम्यं मोजण्यापेक्षा ही तीन वेळची बोटं कुठे रोखली होती ते शोध.

वंश या गोष्टीबद्दल तुझ्या आराखड्यात दोनच परिच्छेद आहेत, आणि त्यांत जात आणि वंश ‘एकाच नाण्याच्या दोन बाजू’ आहेत असं म्हटलं आहेस. ते आधी खोड. या प्रश्नावर आपल्याच परंपरेत केवढा मोठा वाद आहे बघ. आर्य बाहेरून आले हा सिद्धांत युरोपीय पंडितांनी मांडला. जोतीरावांनी तो उचलला आणि फिरवला. आर्य म्हणजे बाहेरून आलेले आक्रमक, बळीराजा इथला, आणि मत्स्य-कच्छापासून परशुरामापर्यंतचे अवतार ही त्या आक्रमणाची हकीकत, अशी धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून त्यांनी पुराणंच उलटी वाचली. त्यानंतर तीसएक वर्षांत रिस्ले हे इंग्रज अधिकारी आले. ते १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. नाकाची लांबी-रुंदी मोजून जातीची पायरी ठरवता येते, नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा दावा होता. हे त्या काळी शास्त्र म्हणून छापलं जात होतं.

आणि बाबासाहेबांनी काय केलं? ९ मे १९१६ ला कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातीवरचा निबंध वाचला. जातीचं मूळ त्यांनी वंशात शोधलं नाही, जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत शोधलं. गोल्डनवायझर हे फ्रांझ बोआस यांचे विद्यार्थी, आणि बोआस त्याच विद्यापीठात वंशश्रेष्ठत्वाच्या शास्त्राला सुरुंग लावत होते. लाहोरला जे भाषण करू दिलं गेलं नाही आणि १९३६ मध्ये जे पुस्तकरूपाने आलं, त्यात तर ते सरळ विचारतात की पंजाबच्या ब्राह्मणात आणि मद्रासच्या ब्राह्मणात वांशिक नातं कोणतं? पुढे १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या मुळाबद्दल लिहिताना त्यांनी नाकांची तीच मोजमापं घेतली, समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या पुस्तकातले तक्ते घेतले, आणि त्याच आकड्यांवरून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांत वंशाचा भेद सिद्ध होत नाही. त्या पानांवर थांब. तिरस्काराचं हत्यार हातात घेऊन, त्याच्याच नियमाने ते निकामी केलेलं मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

मग जोतीराव चुकले आणि बाबासाहेब बरोबर, असं लिहायचं का? तेवढ्यावर थांबू नकोस. दोघांच्या हातात आपापल्या काळाचं ज्ञान होतं आणि दोघांनी ते आपल्या माणसांच्या बाजूने वापरलं. कोणता दावा आज टिकतो ते तू सांगितलंच पाहिजेस, ती तुझी जबाबदारी आहे. पण तो दावा त्या वेळी काय करत होता हेही सांगायला हवं. अमेरिकेतही हीच ओढाताण आहे. चार्ल्स सम्नर या सिनेटरने १८६९ मध्ये वर्णभेदालाच ‘कास्ट’ म्हटलं होतं, १९३० नंतर तिथल्या काही समाजशास्त्रज्ञांनी त्यावर सिद्धांत उभा केला, आणि ऑलिव्हर कॉक्स या कृष्णवर्णीय अभ्यासकाने १९४८ मध्ये तो कडाडून नाकारला. २००१ च्या दर्बानच्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित संघटना जातीचा प्रश्न मांडायला गेल्या तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, असं भारत सरकारचं म्हणणं होतं. वाक्य जवळजवळ बाबासाहेबांचंच, पण त्यांनी ते जात मोडण्यासाठी म्हटलं होतं आणि इथे ते प्रश्न दाराबाहेर ठेवायला वापरलं गेलं. वाक्य कुणाच्या तोंडी आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नकोस, असं मी म्हणते ते यासाठी.

धर्माचं प्रकरण मला सगळ्यात कच्चं वाटलं. तू कृष्णवर्णीयांची चर्चमधली गाणी आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा समोरासमोर ठेवली आहेस. जोडी जमत नाही. गुलामांनी मालकाचाच धर्म घेतला आणि त्यातली मोशेची, इजिप्तमधून सुटकेची कथा आपली करून गायली. नागपुरात आपल्या माणसांनी धर्म सोडला. चर्चच्या त्या गाण्यांशेजारी ठेवायचाच तर चोखोबांचा अभंग ठेव. देव सोडलेला नाही, देवळाच्या आत जाता येत नाही, आणि तक्रार त्याच देवाकडे चालली आहे. दीक्षेसमोर मग मालकाचा देवच नाकारणारे, इस्लामकडे वळलेले कृष्णवर्णीय ठेवून बघ. तिथेही फरक निघतील, पण विचार करण्याजोगे निघतील.

आणि मुक्ता साळवे तुझ्या आराखड्यात नाही हे मला फार लागलं. मांग समाजातली ही मुलगी, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आमचं धर्मपुस्तक कोणतं, आम्ही धर्मरहित आहोत का, असं ती विचारते आणि देवालाच म्हणते की आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळव. नागपूरच्या दीक्षेच्या एकशे एक वर्षं आधी प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारला गेला होता. आता ‘ज्ञानोदय’ कुणाचं? अहमदनगरला सुरू झालेलं, अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे बॉस्टनच्या मिशनऱ्यांचं. तुझी अमेरिका ‘गुलामगिरी’च्याही आधी, एका पोरीच्या निबंधाच्या छापखान्यात आली होती. मिशनऱ्यांना तो निबंध छापावासा का वाटला आणि तिला काय म्हणायचं होतं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. तिचा आवाज त्यांच्या हेतूत बुडू देऊ नकोस.

साहित्याकडे मी शेवटी येते आहे, कारण तिथे तुझी पकड चांगली आहे. एकच सुचवते. साहित्याबरोबर त्याच्या प्रस्तावनाही वाच. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनाला गॅरिसन या गोऱ्या चळवळ्याची प्रस्तावना आहे. हे खरंच यानेच लिहिलं आहे, अशी ग्वाही तिथे द्यावी लागली. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाला १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तिथे ढसाळांच्या कर्तेपणाची शंका नाही, पण मध्यमवर्गीय वाचकाला त्या वस्तीत हात धरून नेणारं कुणीतरी लागलं. आणि मग बेबीताई कांबळे. फलटणला छोट्या दुकानात बसून, घरात कळू न देता त्यांनी आपलं आत्मकथन लिहिलं आणि कागद वर्षानुवर्षं लपवून ठेवले. कुणाला ग्वाही द्यावी लागते, कुणाला वाटाड्या लागतो आणि कुणाला आधी नवऱ्यापासून वही लपवावी लागते, या तीन गोष्टींवर एक प्रकरण सहज होईल. बायकांची आत्मकथनं तू ‘इतर’ या मथळ्याखाली घातली आहेस. ती मध्यभागी आण.

तू लिहिलं आहेस की आपलं दुःख त्यांच्याएवढंच मोठं आहे हे तुला सिद्ध करायचं आहे. ती भावना मला कळते, तुझ्या वयात मलाही तीच होती. पण बेबीताईंच्या दुःखाला कुणा अमेरिकन पुस्तकाचा दाखला लागत नाही, आणि डग्लसच्या दुःखालाही आपला लागत नाही. बाबासाहेबांनी डू बॉइस यांच्याकडे मागितल्या त्या अर्जाच्या प्रती.

आता कामाचं. फुल्यांचं समग्र वाङ्मय आणि बाबासाहेबांचे शासनाने काढलेले खंड दोन्ही मुळातून वाच, मराठी मराठीतून आणि इंग्रजी इंग्रजीतून. मुक्ताचा निबंध आधी हाताने उतरवून काढ. ‘ज्ञानोदय’चे १८५५ चे अंक कुठे बघायला मिळतात याची चौकशी मी करून ठेवते. पहिलं प्रकरण बाजूला ठेव, अर्पणपत्रिकेवर दहा पानं लिही आणि दिवाळीच्या आत पाठव. टाईप करायची घाई नको, हाताने लिहिलेलं चालेल.

तुझी,
मॅडम