कोलेस्टेरॉलच्या गोळीने मांड्या दुखतात, बंद करू का?

अँजिओप्लास्टीनंतर वडिलांना ॲटोरव्हास्टॅटिन ४० सुरू झाली, दोन महिन्यांत दोन्ही मांड्या दुखायला लागल्या, आता गोळी बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या दुखण्यावरून परस्पर बंद करू नका. स्टेंट टाकलेल्या माणसाला तिची फार गरज असते. पण दुखणं अंगावरही काढू नका.

आधी बघा, नुसतं दुखतंय की ताकदही गेलीय? उकिडवं बसून आधाराशिवाय उठता येतं का? एसटीची पायरी चढता येते का? केस विंचरताना हात भरून येतात का? स्टॅटिनचा, म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा, त्रास सहसा दोन्ही बाजूंना सारखा, मांड्या-खुबे-खांद्यांत होतो. एकाच गुडघ्यात कळ येत असेल तर कारण बहुधा दुसरं.

लघवी कोऱ्या चहासारखी तांबूस-काळी झाली, तर मात्र पुढची गोळी न देता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन मूत्रपिंडावर येतं. क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासून सलाइन लगेच लावावं लागतं.

एरवी, घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलीसुद्धा. मला पहिली शंका तिथलीच येते. आपल्याकडे गजकर्णावर इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे चालतं आणि हृदयाच्या डॉक्टरांना ते कुणी सांगत नाही. ॲटोरव्हास्टॅटिन यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे मोडते, तेच एन्झाइम इट्राकोनॅझोल अडवतं. मग गोळी तीच, पण रक्तातलं प्रमाण कितीतरी वाढतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच.

रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घ्या. थायरॉइड कमी असेल तर हा त्रास लवकर होतो. सीपीकेआधी दोन-तीन दिवस जड व्यायाम आणि कमरेतलं इंजेक्शन टाळा, नाहीतर आकडा उगाच फुगतो. लॅबची वरची मर्यादा २०० असेल आणि आकडा २,०००च्या पुढे गेला, तर गोळी थांबवावीच लागते. सीपीके नॉर्मल आलं म्हणून दुखणं खोटं ठरवू नका.

त्रास गोळीचाच वाटला तर डॉक्टर सहसा दोन ते चार आठवडे ती थांबवून बघतात. दुखणं गेलं की रोझुव्हास्टॅटिन ५ ही दुसरी स्टॅटिन, कधी एक दिवसाआड, जोडीला एझेटिमाइब १० हे कोलेस्टेरॉलचं वेगळं औषध, असं पुन्हा सुरू करता येतं. बऱ्याच जणांना हे सोसतं. गोळी थांबवूनही ताकद उतरतच राहिली, तर एचएमजीसीआर अँटिबॉडीची तपासणी मागा. तो प्रतिकारशक्तीने स्नायूंवर केलेला हल्ला असू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.