शेवटच्या क्वार्टरला टीम का पडते, आणि आता सर बदलायचे का

खानापूरच्या एका दोस्तानं विचारलंय की त्यांची कॉलेजची बास्केटबॉलची टीम डिसेंबरपर्यंत एकही मॅच हरली नव्हती आणि जानेवारीपासून ओळीनं चार घालवल्या, चारही शेवटच्या क्वार्टरला, एकदा तर अकरा पॉइंटचं लीड असताना. पोरं म्हणतात सर, म्हणजे कोच, तेच पाच जण खेळवतात, टाइम आउट घेत नाहीत. सर म्हणतात पोरांत जिद्दच राहिली नाही. पुढच्या महिन्यात झोनल स्पर्धा आहे, तर सर बदला म्हणून मॅनेजमेंटकडे जावं का, हा प्रश्न.

मी बेळगावात बरीच वर्षं खेळलो आणि आता बारा वर्षं टेबलला बसून स्कोअरशीट लिहितोय, म्हणून आधी एकच सांगतो, त्या चार मॅचची शीटं काढून बघ. कॉलेजच्या फाइलला कॉपी असणार. खेळाडूच्या नावापुढं 'प्लेयर इन'चा रकाना असतो, त्यात सुरुवातीच्या पाचांच्या फुल्यांना गोल केलेला असतो आणि नंतर आत आलेल्यांना नुसती फुली. तुमच्या शीटवर बहुतेक पाच गोल फुल्या आणि खाली एखाददुसरी साधी फुली दिसेल, बाकी रकाना कोरा. बारा पोरांची टीम घेऊन जाताय आणि खेळतायत सहा. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर म्हणजे चाळीस मिनिटं, पाच जागा, एकूण दोनशे मिनिटं, त्यातली पाच जणांनी छत्तीस-छत्तीस खाल्ली की उरली वीस, ती सात जणांत वाटा. नोव्हेंबरात पाय ताजे असतात म्हणून हे खपून जातं. जानेवारी-फेब्रुवारीत इंटर्नल्स, जर्नल, सकाळी लवकरची बस धरून धारवाडला जाऊन दुपारी सिमेंटच्या कोर्टवर मॅच, तिथं मग दिसतंच.

जिद्द नाही हे मला अजिबात पटत नाही. दमलेला पोरगा कसा ओळखायचा ते सांगतो. त्याचा शॉट डावी-उजवीकडं जात नाही, आखूड पडतो, रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतो, कारण शॉटची ताकद हातात नसते, गुडघ्यात असते. दोन वर्षांमागं एका फायनलला मी टेबलवर होतो, एका टीमचा कॅप्टन एक मिनिटसुद्धा बाहेर आला नव्हता, शेवटी दोन फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दलचे एकेक पॉइंटचे मोकळे शॉट, मिळाले, टीम दोन पॉइंटनं मागं. लाइनवर उभा राहून त्यानं चड्डीचं टोक दोन्ही हातांत धरलं होतं, वाकलेला, पहिला पुढच्या कडेला, दुसरा पण तिथंच. मॅच संपल्यावर त्याचे सर सगळ्यांसमोर त्याला बोलले. तो पोरगा रडत होता आणि मला शीटवर सही घ्यायला त्याच्याकडंच जायचं होतं. अजून डोळ्यापुढनं जात नाही.

आणि दमला की डिफेन्सला पाय सरकत नाहीत, मग हात जातो, फाउल. क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासनं (सगळ्या पोरांचे मिळून) समोरच्याला दोन फ्री थ्रो. तुमचं अकरा पॉइंटचं लीड असंच गेलं असणार, शीटवर शेवटच्या क्वार्टरचे फाउल मोज की, कळेल.

टाइम आउटचं तर मला खरंच वाईट वाटतं, कारण ते फुकट मिळतं. पहिल्या हाफला दोन, दुसऱ्या हाफला तीन. पण शेवटची दोन मिनिटं सुरू होईपर्यंत दुसऱ्या हाफचं एकही घेतलं नाही तर त्यातलं एक जळतं, मी स्वतः त्या चौकोनात दोन आडव्या रेघा मारतो. समोरच्यानं ओळीनं सहा-आठ पॉइंट केले की तिथंच थांबवायचं असतं, शेवटासाठी राखून ठेवायचं नसतं. आमच्याकडं एक जुने सर होते, टाइम आउटला फळी-बिळी काही नाही, पाणी प्यायला लावायचे आणि फक्त 'स्वल्प निधान', म्हणजे जरा सावकाश, म्हणायचे, मराठी पोरांना पण तेवढं कन्नड पाठ झालं होतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं पण नाही. अमेरिकेतल्या NBA लीगमध्ये 28 एप्रिल 2012 ला शिकागो बुल्सचा डेरिक रोझ प्लेऑफच्या पहिल्याच मॅचला गुडघा दुखावून बाहेर गेला तेव्हा टीम 12 पॉइंटनं पुढं होती आणि दीड मिनिटही राहिलं नव्हतं, तो तेव्हा आत कशाला होता हे लोक अजून विचारतात. पहिल्या नंबरची टीम, आठव्या नंबरच्या फिलाडेल्फियाकडनं मॅचच्या सिरीजमध्ये 4-2 हरली. उलट सॅन अँटोनियो, 2013-14 च्या सीझनला एकाही खेळाडूची सरासरी तीस मिनिटांवर गेली नाही, 62 मॅच जिंकल्या आणि फायनलला मायामीला 4-1 नं हरवलं. बेंच, म्हणजे राखीव पोरं, नोव्हेंबरपासनं खेळवला तर जूनमध्ये कामाला येतो.

आता सर बदलायचं. 2025 च्या एप्रिलमध्ये डेन्वरनं रेग्युलर सीझनच्या तीन मॅच बाकी असताना माइक मलोनला काढलं, दोनच वर्षांमागं चॅम्पियन केलेला कोच. टीम सावरली, तिन्ही जिंकली, पहिली फेरी पण काढली, पण नवा आलेला डेव्हिड अॅडलमन तिथलाच असिस्टंट होता, पोरांना ओळखणारा. त्याच्या थोडं आधी मेम्फिसनं नऊ मॅच बाकी असताना कोच काढला, तिथं पण असिस्टंटच बसवला, तरी ती पहिल्याच फेरीत 4-0 नं गेली. तुमच्याकडं तर असिस्टंटच नाही, बाहेरचा माणूस महिन्यात काय करणार? त्याला पोरांची नावं पाठ व्हायला आठवडा जाईल. म्हणून माझं स्पष्ट मत, मॅनेजमेंटकडं जाऊ नका.

सरांकडंच जा, पण कॅप्टन आणि अजून एक जण, सगळा घोळका नको, आणि मॅच हरल्याच्या संध्याकाळी तर नकोच. सोमवारी प्रॅक्टिसच्या आधी, शीटं हातात घेऊन. 'सर तुम्ही चुकताय' असं नको, 'सर, दुसऱ्या क्वार्टरला पाच मिनिटं आम्हाला बसवा, ह्या तिघांना घ्या, लीड कमी झालं तर झालं' असं म्हणा. ती तीन पोरं कोण ते आधी तुम्हीच ठरवा आणि रोज प्रॅक्टिसला त्यांना पहिल्या पाचांविरुद्ध खेळवा, नाहीतर सरांना भरोसा कसा येणार. तसा त्यांना पण ताण असणारच, हरले की मॅनेजमेंट त्यांनाच विचारते. शीटं बघून झाली की प्रत्येक मॅचमधले शेवटच्या क्वार्टरचे फाउल आणि कोरे रकाने किती ते इथंच लिही, कुणाला कुठं बसवायचं ते मग नीट बोलू.