नव्या प्लास्टरवरचा रंग निघाला, पैसे कोण भरणार?

चिपळूणच्या एका दादांनी विचारलंय. चिऱ्याचं घर, बाहेरचं सँडफेस प्लास्टर 20 एप्रिलला संपलं, 29 ला पेंटरने प्रायमर मारला, 10 मेला वास्तुशांत, आणि गणपती यायच्या आत पश्चिमेच्या भिंतीला पोपडे सुटले, खाली पांढरा क्षार. पेंटरला मजुरी-मटेरियल धरून 1 लाख 35 हजार दिलेत. तो म्हणतो प्लास्टर ओलं होतं, प्लास्टरवाला म्हणतो रंगच हलका.

दादा, आधी एक करा, ती भिंत खरवडू नका. दिवाळीच्या आत नवीन रंग मारून घेतलात तर केस तिथेच संपली. दोन-चार पोपडे काढून उलटे करून बघा, मागे सिमेंटची भुकटी चिकटून आली असेल तर बोट प्लास्टरकडे जातं, प्रायमर भिंतीलाच राहून नुसता वरचा रंग सुटला असेल तर पेंटरच्या हाताकडे. पण हा आपला अंदाज झाला, ग्राहक आयोगापुढे चालायला सिव्हिल इंजिनिअरचा सहीचा रिपोर्ट लागेल, फोटो आणि ओलाव्याच्या रीडिंगसकट.

नवीन सिमेंट प्लास्टरला किमान 7 दिवस पाणी मारायचं आणि मग साधारण 28 दिवस थांबायचं हे रंगकामातल्या कुणालाही माहीत असतं, तुमच्याकडे 9 दिवसांत प्रायमर. आता अडचण ऐका. तुम्हीच पाठवलेल्या चॅटमध्ये पेंटर म्हणतोय "साहेब अजून 15 दिवस थांबूया" आणि तुमचं उत्तर "मुहूर्त आहे, उरकून टाक". (वास्तुशांतीच्या घाईने माझ्याकडे आलेली ही काही पहिली केस नाही!) त्यामुळे पूर्ण 1 लाख 35 हजार परत मिळतील असं मी सांगणार नाही. तरी जाणकार माणसाने धोका माहीत असताना काम केलं आणि पूर्ण पैसे घेतले, म्हणजे तो सगळाच सुटत नाही.

रेरा (बिल्डरच्या प्रकल्पांसाठीचा कायदा) इथे नाही, घर बिल्डरकडून घेतलेलं नाही, स्वतःच्या प्लॉटवर बांधलंय. रस्ता ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात. दोष निघाल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे, आणि दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. प्लास्टरवाला आणि पेंटर दोघांनाही तक्रारीत पार्टी करा, नाहीतर एकटा जो समोर असेल तो गैरहजर असलेल्यावर ढकलून मोकळा होतो. लेखी करार नाही म्हणून घाबरू नका, तोंडी करारही चालतो, यूपीआयच्या एंट्र्या आहेतच.

त्याआधी दोघांना स्पीड पोस्टने नोटीस, 15 दिवसांची. पेंटर मजुरी सोडायला तयार झाला आणि मटेरियल तुमचं, असं ठरत असेल तर मी तुमच्या जागी घेईन, फक्त लिहून घ्या आणि रंग पावसाळा सरून भिंत सुकल्यावरच. चॅट मात्र डिलीट करू नका, "उरकून टाक" वालं सुद्धा, ते त्याच्या फोनमध्ये आहेच.