देवाने तोंड लपवले, फिरवले की झाकले?

प्रश्न असा आला आहे : "ज्यू धर्मविचारावरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. हिटलरच्या छळछावण्यांविषयी बोलताना लेखक 'हेस्तेर पानिम' हा हिब्रू शब्दप्रयोग पुन्हा पुन्हा वापरतो. मी त्याचे 'देवाने तोंड लपवले' असे केले. खर्डा आईला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, 'देवाला कसली गं लाज वाटली?' तेव्हापासून ते वाक्य मला वाचवत नाही. दुसरा शब्द सुचवाल का? शिवाय होलोकॉस्टला मराठीत 'आहुती' म्हटले तर चालेल का?"

आईंचा कान पक्का आहे. मराठीत तोंड लपवतो तो उधारी थकवलेला माणूस, नाहीतर निकालाच्या दिवशीचा नापास मुलगा. लपवण्यामागे स्वतःची काही चूक असावी लागते. हिब्रूतल्या 'हेस्तेर पानिम'मध्ये लाजेचा अंशही नाही. 'पानिम' म्हणजे चेहरा आणि 'हेस्तेर' म्हणजे झाकणे, दृष्टीआड करणे. स-त-र हा त्याचा धातू अरबीतही आहे आणि अरबीतून आलेले 'सत्तार' हे नाव आपल्या ओळखीचे आहे. त्याचा अर्थ झाकणारा, दुसऱ्याचे दोष पोटात घालणारा. म्हणजे या कुळातला शब्द मुळात लाजेकडे नव्हे, पडद्याकडे बोट दाखवतो.

गंमत म्हणजे तुम्ही अनुवाद करताना अडलात आणि हा शब्दप्रयोग जिथून निघाला त्या ग्रंथाचे मराठी बायबलातले नावच 'अनुवाद' आहे. त्याच्या एकतिसाव्या अध्यायात देव मरणाच्या उंबरठ्यावरच्या मोशेला सांगतो, की हे लोक पुढे परक्या देवांच्या नादी लागतील, तेव्हा मी माझा चेहरा त्यांच्यापासून झाकीन आणि त्यांच्यावर संकटे कोसळतील. तिथे क्रियापद दोनदा येते : 'हास्तेर आस्तीर'. हिब्रूत असे द्विरुक्त क्रियापद ठासून सांगण्यासाठी येते. आपल्याकडे तेच काम एकटा 'च' करतो. 'झाकीन म्हणजे झाकीनच.' हसिदी या ज्यू भक्तिपंथाच्या परंपरेने मात्र या द्विरुक्तीतून आणखी एक अर्थ काढला : देव लपेल आणि लपला आहे हेही लपवेल. पहिल्या लपण्यात निदान शोधायला जावेसे वाटते, दुसऱ्यात तेही सुचत नाही.

याच दोन शब्दांवर तालमुदात, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांच्या प्राचीन ग्रंथात, एक कोटी आहे. मोशेच्या ग्रंथात एस्तेरचा उल्लेख कुठे, असे विचारून उत्तर दिले आहे : 'हास्तेर आस्तीर' इथे. एस्तेर म्हणजे पुरीम या ज्यू सणाच्या गोष्टीतली राणी (आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्रायल, पुरीमला 'होळीचा सण' म्हणत). तिच्या हिब्रू ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही, म्हणून ही कोटी वरवरची ठरत नाही. देव दिसत नाही, पण लोक संहारातून वाचतात, अशी ती गोष्ट आहे. 1939 ते 1945 मध्ये अडचण झाली ती इथेच. देव दिसला नाही आणि लोकही वाचले नाहीत. साठ लाख माणसे मारली गेली, त्यांत सुमारे पंधरा लाख मुले होती.

आता मराठी पर्याय पाहू.

'पाठ फिरवणे' हा पहिला सुचतो. पण पाठ फिरवतो तो सोडून जातो. पावसाने पाठ फिरवली की आपण टँकर मागवतो, पावसाशी भांडत बसत नाही. ज्यू परंपरेत मात्र चेहरा झाकलेल्या देवाशी भांडण चालूच राहते. स्तोत्रसंहितेतले 44 वे स्तोत्र वाचा. तिथे देवाला सरळ म्हटले आहे, की ऊठ, झोपतोस कशाला, चेहरा का झाकतोस. निघून गेलेल्याला कोणी 'ऊठ' म्हणत नाही.

'तोंड फिरवणे' याहून जवळचे आहे. त्यात राग आहे आणि 'अनुवाद' ग्रंथातल्या त्या उताऱ्यातही रागच आहे. तालमुदात या शब्दाची एक मुकी गोष्ट येते. येरुशलेमचे दुसरे मंदिर इ. स. 70 मध्ये पडले, त्यानंतरच्या काळातली. रोमन सम्राटाच्या वाड्यात एक पाखंडी रब्बी येहोशुआ बेन हनन्याला खुणेने दाखवतो, की तुम्ही ते लोक ज्यांच्या धन्याने त्यांच्यापासून तोंड वळवले. रब्बीही खुणेनेच उत्तर देतो, की त्याचा हात अजून आमच्यावर पसरलेला आहे. तिथल्या अरामी वाक्यात क्रियापद 'वळवणे' आहे, 'लपवणे' नाही. हे मला बोलके वाटते. 'तोंड वळवले' हे टोमणा मारणाऱ्याचे शब्द आहेत. ज्यांच्यावर बेतले त्यांच्या ग्रंथात 'झाकले' आहे.

तेव्हा ज्या वाक्यात लेखक शिक्षेविषयी बोलतो तिथे 'तोंड फिरवले' खुशाल ठेवा. सणांच्या प्रार्थनेत 'आमच्या पापांमुळे आम्ही आमच्या देशातून हद्दपार झालो' असे शब्द आहेत. काही कर्मठ रब्बींनी तोच न्याय छावण्यांना लावला. पण 44 व्या स्तोत्रात पापाची कबुली नाही. उलट, हे सगळे आमच्यावर आले तरी आम्ही तुला विसरलो नाही, तुझ्यापायीच आम्ही दिवसभर मारले जातो, कापायच्या मेंढरांत आमची गणती होते, असे तिथे म्हटले आहे. ज्यू धर्मचिंतक एलिएझर बेरकोविट्स यांनी 1973 च्या 'होलोकॉस्टनंतरची श्रद्धा' या अर्थाच्या नावाच्या ग्रंथात हाच धागा पकडला. देव रागाने चेहरा झाकतो ही एक गोष्ट, आणि लपणे हा देवाचा स्वभावच आहे ही दुसरी. दुसरीसाठी आधार बायबलातल्या यशया संदेष्ट्याचा : 'खरोखर तू लपणारा देव आहेस.' माणसाला बरेवाईट निवडायची मोकळीक द्यायची, तर देवाने प्रत्येक वेळी मध्ये पडून चालत नाही. ती मोकळीक मारेकऱ्यालाही मिळते, असे त्यांचे म्हणणे. पटो वा न पटो, इथे 'तोंड फिरवले' लिहिले तर त्यांचे सगळे म्हणणेच उलटे होईल.

ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी वेगळीच उपमा घेतली, ग्रहणाची. ग्रहणात सूर्याला काही होत नाही. पाहणारा आणि सूर्य यांच्यामध्ये काहीतरी येते. मराठीत ही उपमा बेताने वापरा. आपल्याकडे ग्रहण 'लागते', ते सूर्याला होते आणि 'दे दान, सुटे गिराण' म्हटले की काही वेळात सुटते. बूबर यांना सुटण्याची वेळ पंचांगात पाहून सांगायची नव्हती.

'लपंडाव' हा शब्द मात्र कुठेही वापरू नका. मेझिबोझच्या रब्बी बारूखची एक गोष्ट हौसेने सांगितली जाते. त्याचा नातू लपाछपी खेळताना लपून बसला, पण शोधायला कोणी आलेच नाही, म्हणून रडत आजोबांकडे आला. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आले : देवही हेच म्हणतो, मी लपतो आणि मला शोधायला कोणी येत नाही. फार सुंदर गोष्ट, पण बारूख 1811 साली वारला. छावण्यांच्या संदर्भात तीच सांगितली की ऐकवत नाही. अमेरिकन रब्बी अर्व्हिंग ग्रीनबर्ग यांनी 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत एक कसोटी मांडली होती. तिचा आशय असा, की जळत्या मुलांसमोर जे विधान खरे वाटणार नाही ते करू नये, मग ते धर्माचे असो वा आणखी कशाचे. अनुवादकानेही प्रत्येक शब्द या कसोटीवर धरून पाहावा. 'लपंडाव' तिथे लगेच गळतो.

'भोग' हा शब्दही गळतो. 'ज्यूंच्या वाट्याला आलेले भोग' असे मराठीत सहज लिहिले जाते. पण भोगाच्या मागे प्रारब्ध उभे असते आणि प्रारब्धाच्या मागे गेला जन्म. वाचकाच्या मनात नकळत एक हिशेब मांडला जातो. हिब्रूतल्या 'यिसुरिन'ला 'यातना' पुरे आहे.

आता माझा कौल. त्यासाठी वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, जावे लागेल. पियासेच्नोचे रब्बी कलोनिमुस कल्मन शापिरा यांचा एकुलता मुलगा सप्टेंबर 1939 च्या बाँबहल्ल्यात जखमी होऊन गेला. त्यानंतरही 1942 च्या उन्हाळ्यापर्यंत घेट्टोत ते शब्बाथची (शनिवारच्या विश्रांतिदिनाची) प्रवचने देत राहिले आणि लिहून ठेवत राहिले. ते कागद इतर गुप्त दप्तराबरोबर पुरून ठेवले गेले. 1943 च्या नोव्हेंबरात त्राव्निकीच्या छावणीत त्यांना मारले. युद्धानंतर ढिगाऱ्याखालून दुधाच्या कॅनमधून ते कागद निघाले आणि 1960 मध्ये इस्रायलमध्ये 'एश कोदेश', म्हणजे पवित्र अग्नी, या नावाने छापले गेले.

या प्रवचनांत त्यांनी तालमुदातला एक धागा उचलला. 'हेस्तेर पानिम'ची चर्चा जिथे आहे तिथेच थोडे पुढे यिर्मया संदेष्ट्याचे एक वचन घेतले आहे. 'माझा जीव गुप्त जागी रडेल.' तालमुद म्हणतो, देवाची एक जागा आहे, तिचे नाव 'मिस्तारिम'. पुन्हा तोच धातू, स-त-र. हेस्तेर, एस्तेर, मिस्तारिम. देव तिथे, आतल्या दालनात, रडतो. शापिरा याचा अर्थ असा लावतात, की देवाचे दुःख इतके मोठे आहे की ते बाहेर ऐकू आले तर जग टिकणार नाही, म्हणून तो आत जाऊन रडतो. ज्याला जमेल त्याने आत शिरून त्याच्यासोबत रडावे. घेट्टोत भूक आणि टायफसने माणसे मरत असताना लिहिलेले हे आहे.

आता मराठीत विचार करा. घरात मयत झाली आहे, बाहेर माणसे जमली आहेत आणि घरातली कर्ती बाई माजघरात जाऊन पदराने चेहरा झाकून घेते. तिने तोंड लपवलेले नसते, फिरवलेलेही नसते. ते झाकलेले असते. 'झाकणे' या क्रियापदात राग बसतो, दुःख बसते आणि नुसते दिसेनासे होणेही बसते, म्हणून बेरकोविट्स आणि शापिरा दोघांनाही ते पुरते. 'तोंड झाकले' म्हटले तर पोलिसांच्या गाडीतून उतरणारा आरोपी डोळ्यांसमोर येईल, तेव्हा 'मुख' घ्या. एरवी देवाला उगाच संस्कृत शब्द चिकटवायच्या मी विरुद्ध आहे, पण इथे इलाज नाही.

पहिल्यांदा येईल तेव्हा 'हेस्तेर पानिम, म्हणजे देवाने मुख झाकून घेणे' असे लिहा. पुढे नुसते 'मुख झाकणे'. 'घेणे' हे जोडक्रियापद पहिल्या ठिकाणी सोडू नका. त्याने झाकण्याचे कर्तेपण देवाकडे राहते.

सगळ्याच विचारवंतांना हा शब्द हवा होता असे नाही. अमेरिकन ज्यू धर्मचिंतक रिचर्ड रूबेनस्टाइन यांनी 1966 मध्ये लिहिले, की इतिहासात हस्तक्षेप करणारा देव आउश्वित्झनंतर मानता येत नाही. आपण देवाच्या मृत्यूच्या काळात जगतो आहोत. तुमच्या लेखात ते आले असतील तर तुकोबांचे 'माझे लेखी देव मेला' आठवण्याचा मोह आवरा. तुकोबा देवावर रुसून त्याच्याच कानावर जाईल असे बोलतात. रूबेनस्टाइन यांच्या वाक्याला समोर ऐकणारा कोणी नाही.

राहिला होलोकॉस्ट. 'आहुती' नको, 'होम' नको, 'बलिदान' तर मुळीच नको. होलोकॉस्ट हा ग्रीक शब्द, अर्थ 'पूर्ण जाळलेले'. बायबलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तो हिब्रू 'ओला'साठी आला, म्हणजे मंदिरात वेदीवर सबंध जाळायचा पशू. मराठी बायबलात त्याला होमबली म्हणतात. म्हणूनच अनेक ज्यूंना तो शब्द खुपतो. कोणी कोणाला काय अर्पण केले? इंग्रजीत निदान ग्रीक अर्थ झिजून गेला आहे. 'आहुती'त अर्थ ताजा आहे, तूप आणि स्वाहाकारासकट.

हिब्रूत 'शोआ' म्हणतात. यशया, सफन्या, ईयोब यांच्या ग्रंथांत तो अनर्थ, उजाडपण या अर्थाने येतो. यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणाऱ्यांचा शब्द होता 'खुर्बन', म्हणजे विध्वंस. पण मंदिराच्या पहिल्या आणि दुसऱ्या विध्वंसालाही हाच शब्द आहे. तो वापरला की ही घटना जुन्या माळेत ओवली जाते आणि तिचा शोक ज्यू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवमीच्या उपासात जातो. (बेने इस्रायलांच्या मराठीत या उपासाचे नाव 'बिरड्याचा सण'. मंदिराच्या विध्वंसाची आठवण वालाच्या बिरड्याने ठेवणारी आपली भाषा एकटीच असावी.) 'शोआ' म्हटले की माळ तुटते, हे नवे आणि वेगळे आहे असे सांगितले जाते. इस्रायलच्या संसदेने 1951 मध्ये स्मृतिदिन ठरवला तो निसान महिन्याच्या 27 तारखेचा, वेगळा. पुष्कळ कर्मठांना तो रुचला नाही, कारण निसान हा सणाचा, शोक न करण्याचा महिना.

म्हणून तुमच्या लेखकाने जो शब्द वापरला तोच ठेवा. त्याचे 'शोआ' असेल तर शोआ, 'होलोकॉस्ट' असेल तर तेच. मराठी वाचकाला ते आता कळते. स्पष्टीकरणाला 'ज्यूंचा वंशसंहार' घ्या. 'हत्याकांड' नको, ते जालियनवाला बागेसारख्या एका जागेच्या, एका दिवसाच्या घटनेला शोभते.

आणि एक किरकोळ. 'पानिम' हे हिब्रूत रूपाने नेहमी अनेकवचनी असते, पण म्हणून 'मुखे झाकली' करू नका. आईंना खर्डा पुन्हा वाचून दाखवलात तर या वेळी त्या काय विचारतात ते मात्र कळवा.