आईच्या आजारपणातली आशा: एका तरुणास पत्र

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे रिपोर्ट नीट वाचले. आईच्या फुप्फुसाचा कर्करोग चौथ्या टप्प्यात आहे, तो हाडांपर्यंत गेला आहे आणि पूर्ण बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी तुला आडपडदा न ठेवता सांगितले, ते योग्यच केले. आता आशा कशाची धरायची, असे तू विचारतोस. त्याकडे वळण्यापूर्वी एक व्यावहारिक गोष्ट सांगते. बायॉप्सीत ॲडेनोकार्सिनोमा हा फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार आला आहे, पण ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकीय बदलांच्या चाचणीचा अहवाल मला फायलीत सापडला नाही. ती झाली आहे का, हे येत्या भेटीत आधी विचार. भारतात या प्रकारच्या कर्करोगाच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांमध्ये ईजीएफआरमधला बदल आढळतो, आणि आईसारख्या कधीच धूम्रपान न केलेल्या स्त्रियांमध्ये तो सापडण्याची शक्यता अधिक असते. तसे निघाले, तर रोजच्या गोळीवर आजार बराच काळ आटोक्यात राहू शकतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गेफिटिनिब या अशाच एका गोळीला केमोची जोड दिली, तेव्हा आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ सुमारे ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. त्याने रोग बरा होत नाही, पण त्या महिन्यांत माणूस स्वतःच्या पायांनी हिंडूफिरू शकतो, घरातली कामे करू शकतो, आणि त्याचे मोल मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

सुरुवातीचे काही महिने क्षयाच्या औषधांत गेले, याची टोचणी तुझ्या पत्रात ओळीओळीला जाणवते. खोकला, वजन घटणे आणि एक्स-रेवरची सावली ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखी दिसतात आणि आपल्याकडे क्षय इतका आहे की डॉक्टरांचे पहिले लक्ष तिकडेच जाते. चुलीच्या धुरापासून त्या डॉक्टरांपर्यंत दोषी शोधत बसायला तुझ्याकडे आत्ता ना वेळ आहे, ना ताकद.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे, ते सांगते. तुझे मामा म्हणाले की पॅलिएटिव्ह विभागात पाठवतात, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. हा समज मी रुग्णालयातल्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत ऐकत आले आणि त्यापायी लोकांनी विनाकारण सोसलेले दुखणेही पाहत आले. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणे, धाप, मळमळ, झोप न येणे आणि मनातली भीती यांच्यावरचे उपचार, आणि ते कर्करोगाच्या उपचारांबरोबरच सुरू करायचे असतात. बोस्टनच्या एका रुग्णालयात याच आजाराच्या पसरलेल्या अवस्थेतील १५१ रुग्णांवर अभ्यास झाला होता आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निदान होताच ज्यांना ही सेवाही मिळाली, त्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, औदासीन्य कमी राहिले, शेवटच्या काळात त्यांच्यावर आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते इतरांपेक्षा सरासरी पावणेतीन महिने अधिक जगले. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी देईपर्यंत थांबू नकोस, आपणहून माग. तू पुण्यातच आहेस, तेव्हा वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर तुला जवळ पडेल. १९९७ पासून तिथे विनामूल्य सेवा मिळते आणि घरच्या माणसांना शुश्रूषा कशी करावी हेही शिकवतात.

तिथे मॉर्फिनचे नाव निघाले तर दचकू नकोस. कर्करोगाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही, आणि ते सुरू झाले म्हणजे शेवट आला असेही नाही. अगदी कमी मात्रेत ते धापेवरही उपयोगी पडते. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून जोडीला लिहून घे. हाडाच्या दुखण्यावर शेक, म्हणजे रेडिएशन, देतात आणि पुष्कळदा त्याची एकच बैठक पुरते. फुप्फुसाभोवती पाणी साचले तर ते काढता येते. धाप लागली की आईला पुढे उशीवर रेलून बसव आणि चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा येऊ दे. हा उपाय फारच साधा वाटेल, पण त्याने खरोखर बरे वाटते.

आता तू विचारायचे टाळलेल्या विषयाकडे येते. आईला फक्त 'छातीत गाठ आहे' एवढेच सांगायचे, असे तुम्ही सर्वांनी ठरवले आहे. त्यामागची माया मला कळते, पण हा निर्णय मला मान्य नाही. कर्करोगाच्या रुग्णालयाच्या पाटीखालून जाणाऱ्या, केमोच्या खुर्चीत शेजारणीशी बोलणाऱ्या आणि आपण आत गेलो की घरातले बोलणे थांबते हे पाहणाऱ्या बाईला काहीच कळत नसेल, असे समजणे बरोबर नाही. बहुतेकांना कळलेले असते, मात्र मुलांना त्रास नको म्हणून तीही न कळल्यासारखे वागतात, आणि मग एकाच घरात दोन्हीकडचे लोक एकमेकांपासून तेच लपवत बसतात. याचा अर्थ तू उद्याच तिच्यासमोर रिपोर्ट वाचावास असा नाही. तिला विचार, 'आई, तुला या आजाराबद्दल काय वाटते? डॉक्टर काय म्हणतात ते तुला सगळे ऐकायचे आहे, की आम्हीच पाहावे असे वाटते?' ती 'तुम्हीच पाहा' म्हणाली, तर तोही तिचाच निर्णय ठरेल, पण तो तिने घेतलेला असावा. विचारल्यावर ती रडली, तर विषय बदलू नकोस. नुसता जवळ बसून राहा.

आशेचे उत्तरही मला याच बोलण्यात सापडत आले आहे. मराठवाड्यातून आलेल्या एका बाईंना आम्ही विचारले होते की येत्या काळात काय व्हावे असे वाटते. त्यांनी आजाराचे नावही काढले नाही. पतपेढीत गहाण पडलेल्या पाटल्या सोडवून दोघी मुलींच्या हातांत आपण स्वतः घालाव्यात, एवढेच त्यांना हवे होते. डॉक्टरांनी केमोची तारीख आठवडाभर पुढे ढकलली, भावांनी पैसे उभे केले, आणि ते काम झाले. सत्य लपवले असते, तर ही इच्छा त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलीच नसती. तुझ्या आईचे असे काय राहून गेले आहे, हे मला ठाऊक नाही, तुलाही बहुधा नसेल. तिच्याकडूनच ते कळेल.

'साधारण वर्षभर' असे डॉक्टर म्हणाले, ती तारीख समजू नकोस. असे आकडे बहुधा मध्यावरचे असतात: निम्मे रुग्ण त्याआधी जातात, निम्मे त्यापुढे जगतात, आणि त्यांतले काही बरेच पुढे जातात. तेव्हा लांबच्या गोष्टींचे बेत जरूर कर, पण मृत्युपत्र, बँकेतले नॉमिनेशन आणि अखेरीस व्हेंटिलेटर हवा की नको यावर आईचे मत, या गोष्टी आत्ताच करून घे. अशी इच्छा लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली.

खर्चाबाबत रुग्णालयातल्या समाजसेवकांना लगेच भेट, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते ते पाहतील. दुसऱ्या मतासाठी टाटाला जायचे झाले, तर रेल्वेची सवलत मिळते आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत रुग्णांच्या मुक्कामाची सोय होते.

नातेवाइकांपैकी प्रत्येकजण एखादे औषध सुचवील. वाद घालू नकोस, पण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कोणताही काढा किंवा भस्म देऊ नकोस आणि चालू गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नकोस. 'काही लागले तर सांग' म्हणणाऱ्यांना खरोखरच सांग: मामींकडे मंगळवारचा डबा, भावाकडे केमोच्या दिवशीची सोबत, आणि आठवड्यातली एक रात्र दुसरे कोणीतरी आईजवळ झोपेल व तू स्वतःच्या खोलीत. सगळे एकट्याने करणारी मुले काही महिन्यांतच कोलमडलेली मी पाहिली आहेत. मन फार खचले, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.

शेवटी काही लक्षणे लिहिते, ती फ्रिजवर चिकटवून ठेव. एकाएकी धाप वाढणे, खोकल्यातून रक्त पडणे, चेहरा व मान सुजणे, पायांतली शक्ती जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे, किंवा केमोनंतर ताप येणे. यांतले काहीही दिसले, तर पुढच्या ओपीडीची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी, आईला रुग्णालयात ने.

तुझी,
काकू