‘डेट’मधला बी कुठून आला?

‘कर्ज या अर्थाच्या डेट शब्दाचं स्पेलिंग डी-ई-बी-टी. बी म्हणायचाच नाही, तर लिहायचा कशाला? पूर्वी इंग्रज तो म्हणत होते का?’ असा प्रश्न आला आहे.

म्हणत नव्हते. सर्वसामान्य इंग्रजांच्या तोंडी हा बी कधीच नव्हता. शब्द फ्रेंचमधून आला तोच ‘देत’ असा, बी नसलेला, आणि इंग्रजीतही आधी तसाच लिहिला जाई. पुढे लॅटिन विद्येचा दबदबा वाढला. मूळ लॅटिन शब्द ‘देबितुम’, म्हणजे बी हवाच, असं म्हणून पंडितांनी तो लिखाणात घातला. शंका या अर्थाच्या ‘डाउट’मध्येही ‘दुबितारे’वरून तसाच बी आला. फ्रेंचांनीही काही काळ हेच केलं होतं, पण त्यांनी नंतर तो काढून टाकला. इंग्रजीत राहिला. शेक्सपिअरच्या ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मध्ये एक पंडित आहे. या दोन्ही शब्दांतला बी लोक उच्चारत नाहीत म्हणून तो चिडतो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीसही लोक बी म्हणत नव्हते!

या पंडितांचं काम एकसारखंही नव्हतं. ‘रिसीट’मध्ये त्यांचा पी टिकला, त्याच कुळातल्या, फसवणूक या अर्थाच्या ‘डिसीट’मध्ये नाही. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ चूक आहे. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, लॅटिनशी त्याचा संबंध नाही. लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेल्या, बेट याच अर्थाच्या ‘आइल’शी गल्लत झाली आणि एस येऊन बसला.

मला सर्वांत नवल वाटतं ते ‘फॉल्ट’चं. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दात ल नव्हता. तोही पंडितांनी लॅटिनकडे पाहून घातला, आणि लिहिलेलं पाहून पाहून लोक तो चक्क म्हणू लागले. लाइट गेल्यावर आपण ‘लाइनमध्ये फॉल्ट आहे’ म्हणतो, त्यातला ल असा आला आहे.

सगळीच मूक अक्षरं अशी बाहेरून आणलेली नाहीत. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला के आणि जीएच एकेकाळी स्पष्ट ऐकू येत. त्याचा जर्मन भाऊबंद ‘क्नेख्त’ आजही पूर्ण उच्चारतात. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, तेव्हा के बोलण्यात होता. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, उच्चार मात्र बदलत राहिले, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास शब्दारंभीच्या एनआधीचा के बोलण्यातून गेला.

मराठीतलं याच्या जवळचं उदाहरण म्हणजे ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ यांवरचे जुने अनुस्वार. तेही मुळात नाकातल्या उच्चाराचे. कोकणातल्या बोलींत तो अजून ऐकू येतो. प्रमाण मराठीतून उच्चार गेला तरी लेखनात ते टिकून होते. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी ते काढले. हे चांगलंच झालं, असं माझं मत. इंग्रजीत असा निर्णय सर्वांसाठी घेणारी संस्थाच नाही.

मुलांना शिकवताना दोन गोष्टी उपयोगी पडतात. शब्दाच्या सुरुवातीला के आणि लगेच एन आला, तर के म्हणायचा नाही. आणि ‘डेट’मधला बी विसरत असतील, तर त्यांना बँकेच्या पासबुकातलं ‘डेबिट’ दाखवा. मूळ तेच आहे, आणि तिथे बी ऐकू येतो.