तारण विश्वासाने की कर्मांनी? उत्पत्तीत तीन बोटं घालून बघा

तुमचा प्रश्न असा की नव्या करारातल्या पत्रांत पौल म्हणतो तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने, कर्मांनी नाही, आणि याकोब त्याच्या पत्रात म्हणतो नुसत्या विश्वासाने नाही, कर्मांनीही, मग बायबल स्वतःशीच भांडतंय का. आमच्या बायबल स्टडीत पण हे कुणीतरी विचारतंच.

आधी शब्द बघा. इकडं बेळगाव-खानापूर भागात सोसायटीच्या बोर्डावर 'सोने तारण कर्ज' वाचून वाचून डोक्यात बसतं की आपण पुण्य गहाण ठेवायचं, मग देव सोडवणार. कन्नड उपासनेत याच जागी 'रक्षणे' म्हणतात, तिथं घोळच होत नाही. बुडणाऱ्याला ओढून काढलं, आता बुडणारा काय गहाण टाकणार? आपलं 'तारणं' पण तेच की.

दुसरं, एक वचन तोडून वाचू नका. पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं इफिस 2:8-9 सगळ्यांना पाठ, कृपेने तारण, कर्मांनी नाही. पण लगेच 10 व्या वचनात सत्कृत्यांसाठी आपल्याला निर्माण केलंय असं आहे, ते कुणी म्हणतच नाही.

आणि अब्राहाम. पौल रोमकरांस पत्रात, रोम 4 मध्ये, आणि याकोब त्याच्या 2 ऱ्या अध्यायात, दोघंही बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं उत्पत्ति 15:6 च घेतात, अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व गणलं गेलं, म्हणजे देवानं त्याला नीतिमान धरलं. संडे स्कूलला मी पोरांना उत्पत्तीत तीन बोटं घालायला लावते, 15, 17 आणि 22 व्या अध्यायात. 15 मध्ये विश्वास, 17 मध्ये सुंता, 22 मध्ये मुलगा इसहाकाचं अर्पण. पौल सांगतो सुंतेच्या आधीच गणलं गेलं, कारण त्याच्यासमोर सुंतेचा आग्रह धरणारे होते, आणि याकोब 22 वर बोट ठेवतो कारण त्याच्यासमोर उपाशी भावाला 'जा, पोटभर जेव' म्हणून नुसतं वाटेला लावणारे होते. एक पोरगी म्हणाली, आंटी, माणूस एकच की, वेळ वेगळी. मला एवढं सरळ कधी सांगता आलं नव्हतं.

जर्मन धर्मसुधारक ल्यूथरनं 1522 च्या जर्मन नव्या करारात रोम 3:28 ला 'विश्वासाने' च्या आधी 'केवळ' शब्द घातला, मूळ ग्रीकमध्ये तो नाही, त्यावरून केवढा वाद झाला. पण 31 ऑक्टोबर 1999 ला ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी याच मुद्द्यावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, 2006 ला मेथडिस्ट हा आणखी एक प्रोटेस्टंट पंथही त्यात आला. संस्कार, परंपरा, बायबलात 66 पुस्तकं की 73, हे फरक अजून आहेतच, पण तारणाची सुरुवात कृपेनं होते यावर भांडण नाही, म्हणून तुमच्या कॅथलिक वहिनींशी या मुद्द्यावर वाद घालू नका, मला मनापासून वाटतं.

आज रात्री रोम 4 आणि याकोब 2 एका बैठकीत, मोठ्यानं वाचा. उत्पत्तीतली बोटं मात्र काढू नका.